शिंगं न काढणारी अळी

"आजपासून परसात माझ्या परवानगीशिवाय कोणीही पाऊल टाकायचं नाही!"

भिंगरीनं फर्मान सोडलं. प्राणिशास्त्राची पदवी मिळाल्यापासून तिच्या डोळ्यापुढचं भिंग हटत नव्हतं, म्हणून घरात तिचं हेच नाव पडलं होतं. लिंबाच्या पानावर तिला फुलपाखराची अळी सापडली होती! फांदीला मच्छरदाणी बांधून ती शेजारी स्टूल टाकून बसली. जणू काही सरकारी तिजोरीवरचा पहाराच!

बाबांचा जीव त्या लिंबात. कुरतडलेली पानं बघून त्यांनी फवारणीचा पंप केव्हाच झाडाला टेकवून ठेवला होता. "खरंच फुलपाखराची अळी असेल तर पंपाला हात लावणार नाही. नसेल, तर रविवारी फवारणी!"

"आहेच मुळी!"

कपडे वाळत घालता घालता आई डोकावली. "अगं, ही तर चिमणीची शीट दिसतेय."

"तीच तर खुबी आहे, आई! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती तशी दिसते."

"वाससुद्धा?"

"उत्क्रांती म्हणतात त्याला!"

अळी हलेना. "कात टाकायच्या तयारीत आहे." अळी खाईना. "मग कात टाकताना कोण जेवतं?" शंका काढावी आणि वर व्याख्यान ऐकावं, अशी घरादाराची गत झाली.

रविवार उजाडला. बाबा कंबरेवर हात ठेवून हजर! "चिडली की डोक्यातून लाल शिंगं काढते म्हणालीस ना? चिडव की मग!"

भिंगरीनं ऐटीत ब्रशनं टोचलं. शिंगं नाहीत. पुन्हा टोचलं. अळीचे दोन तुकडे झाले आणि आतून कसलीशी बी टपकन खाली पडली!

बाबा खो खो हसत पंप उचलायला वाकले.

"बाबा, थांबा!!"

पंपाच्या दांड्याला, रेशमाच्या धाग्यानं स्वतःला बांधून घेतलेला एक हिरवा कोष लटकत होता.

"पानं खाल्ली ती या कोषातल्या अळीनं! आणि कोष करायला इथं आली. हात लावायचा नाही!"

"अगं, मग फवारू कशानं?"

"फुलपाखरू उडेपर्यंत कशानंच नाही! शब्द दिलाय तुम्ही!"

बाबा मागे सरले. आईनं ओलं फडकं पुढे केलं. "ती शीट तरी पुसू का गं, बाई?"

"मुळीच नाही! तुलनेसाठी लागेल." भिंगरीनं हनुवटी वर केली. "आणि हसू नका. शिटेनंच अळीची इतकी हुबेहूब नक्कल केली, त्यात माझी काय चूक?"