अण्णांच्या मटकीचा जाहीर निषेध

अन्याय माझ्यावर झाला. दुष्काळाच्या सालात, मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या नगर गाडीच्या आधी, शेवगावच्या एस.टी. स्टँडवर झाला. मी बाकावर उभा राहून भाषण करत होतो. खर्डा भागात दुष्काळी काम अजून सुरू का नाही, हा विषय. माणसं चांगली जमली होती. "या निगरगट्ट सरकारला..." एवढं मी म्हणालो आणि समोरचे सगळे चेहरे एकदम डावीकडे वळले. डावीकडे, चौकशीच्या खिडकीपुढे, रंगनाथअण्णा धोतराचा काचा मारून, उघड्या अंगानं बैठका काढत होते.

"आयला, पैलवान हाय जनू!" माझ्याच सभेतला एक म्हातारा म्हणाला आणि सभा सोडून तिकडे गेला. त्याच्यामागे बाकीचे गेले. मग गाडी लागली. सरकारला काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. माझं ते वाक्य आजही अर्धंच आहे.

हे रंगनाथअण्णा माझे शत्रू नव्हेत. माझे सहकारी आहेत, आणि ते जास्त वाईट. आम्ही दोघं एकाच संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते. पूर्णवेळ म्हणजे आज शेवगाव, उद्या पाथर्डी, परवा खर्डा. झोप मिळेल त्या ओट्यावर, जेवण मिळेल त्या घरी. मी तेवीस वर्षांचा, अण्णा पंचेचाळिशीच्या घरातले. पत्रकं मी लिहितो. घोषणा मी रचतो. घसा माझा बसतो. आणि गावात शिरलं की पोरंबाळं कुणाच्या नावानं ओरडतात? "अण्णा आलं! अण्णा आलं!" मी काय टपाल म्हणून आलेलो असतो?

अण्णांचं कर्तृत्व एकच. सदैव फिरतीवर राहून ते कधी आजारी पडत नाहीत.

त्यासाठी त्यांनी जे मांडलंय ते पाहण्यासारखं आहे. खांद्याच्या शबनम पिशवीत ओल्या फडक्यात मटकी बांधलेली असते. शेवगावला भिजवायची, एस.टी.त हलवत न्यायची आणि खर्ड्याला उतरून मोड आलेली खायची. "गाडीची ऊब लई बेस लागती तिला," असं अण्णा कौतुकानं सांगतात. मटकी मिळाली नाही तर हुलगे. पिशवी आम्हा दोघांत एकच, त्यामुळे एकदा त्या फडक्याचं पाणी झिरपून माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्याचा लगदा झाला. 'भुकेला काम द्या' हे पत्रक होतं ते. मी आकाशपाताळ एक केलं. अण्णांनी लगदा हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाले, "भुकेचाच कागद हाय न्हवं? मग मटकीचं पानी लागलं तर काय बिघडलं, बाबा?"

गाडीत जागा असली तरी ते उभे राहतात. "बसलं की पोट बसतं." गाव यायच्या एक फाटा आधी उतरतात आणि उरलेलं चालतात. ते उतरले की मलाही उतरावं लागतं, कारण पिशवी त्यांच्या खांद्यावर. जेवताना तर त्यांच्यासमोर बसणं म्हणजे शिक्षा. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, जी गिळताना आमच्या डोळ्यांत पाणी येतं, ती हा माणूस बासुंदी चाखावी तशी चावत बसतो. मी भराभर उरकून उठलो की म्हणणार, "चाव, चाव. पोटाला दात नसत्यात."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय ते विचारू नका. खर्ड्याकडच्या बाया आता आपल्या पोरांना तेच सांगतात. माझी एकही घोषणा तिकडे कुणाला पाठ नाही.

आणि चहा! अण्णा चहाला शिवत नाहीत. आपल्याकडे पाहुण्यानं चहा नाकारणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. एका गावात दोन भावक्यांचं वाकडं होतं. अण्णांनी खालच्या आळीत चहा नाकारला. झालं. "वरच्या आळीला घेतला आसंल, म्हनून आमचा न्हाई घेतला." वरच्या आळीलाही नाकारला, तर वरची आळी म्हणाली, "खालच्यांनी कान भरलं." सभा मोडायची वेळ आली. मी मात्र दोन्हीकडे दोन-दोन कप पिऊन गावाची एकी साधत होतो. ती एकी पुढे दोन दिवस माझ्या पोटात जळत होती. आणि अण्णांनी काय केलं? दोन्ही आळ्यांत ओट्यावर बसून हात पुढे केला, "चहा नगं, माय. वाटसरूला गूळ-पानी द्यायची रीत हाय न्हवं आपली? तेवढं द्या." दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. एकीनं तर, "असा पावना आता ऱ्हायला न्हाई," म्हणून त्यांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. माझ्या तोंडावरून कुणी हात फिरवला? माझ्या तोंडाला फोड आले होते.

आता मुख्य गोष्टीवर येतो. नगरला कलेक्टर कचेरीवर आमचा मोर्चा ठरला. बोलणार एकच जण. पत्रक माझं, मागण्या माझ्या, आणि भाषण मी ओढ्यात उभा राहून पाठ केलेलं. आयुष्यात एकदा कलेक्टरसमोर बोलायचं, एवढंच मला हवं होतं. आमच्या शाखेचे सेक्रेटरी, ज्यांना आम्ही गुरुजी म्हणतो, त्यांनी बैठकीत चष्मा पुसत सांगितलं, "अण्णा बोलतील. लोक त्यांना ओळखतात."

"कशासाठी ओळखतात?" मी उठलो. "मटकीसाठी!"

"कशासाठी का असंना. तुला कशासाठी ओळखतात?"

बैठक हसली. अण्णा हसले नाहीत. "दिनूच बोलू द्या की," म्हणाले. हे त्यांचं मन मोठं दाखवणं मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी म्हणालो, "भीक नको." ठराव झाला. अण्णाच बोलणार.

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी शेवगावच्या स्टँडवर अण्णा मला म्हणाले, "हितली भजी खाऊ नगंस. तेल सकाळचं हाय." बस्स! मी दोन प्लेट मागवल्या. वर दोन चहा. त्यांच्याकडे बघत बघत खाल्ली.

सकाळी नगरची गाडी लागली तेव्हा मी स्टँडमागच्या लिंबाखाली ओणवा होतो. उलट्या, जुलाब आणि हातापायाला गोळे. कार्यकर्ते गाडीत बसून हाका मारत होते. "अण्णा, चला! कलेक्टर थांबायचा न्हाई!" अण्णा लिंबाखाली आले, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीला हात केला. जा म्हणून.

"अण्णा, तुम्ही जा," मी म्हणालो. "भाषण..."

"बोलू नगंस. मीठ-साखरेचं पानी पी."

मला पाठीवर घेऊन ते रस्त्याला आले. बैठकांचा एवढा उपयोग मी कबूल करतो : मला घेऊन ते कुठे थांबले नाहीत. सोनईला कडबा नेणारा एक ट्रक मिळाला. सोनई माझं गाव. कडब्यावर मला आडवं करून सबंध वाट त्यांनी माझ्या डोक्यावर पंचा धरला.

तिकडे नगरला मग गुरुजींनीच दोन शब्द बोलून घेतले. खर्ड्याचं काम लवकर सुरू करतो, असं साहेबांनी सांगितलं म्हणे. आम्हा दोघांवाचून काहीही अडलं नाही.

घरी आईनं मला पाहून कपाळाला हात लावला. पण तिचं तोंड चाललं होतं आणि हातही चालले होते. बाज टाकली, घोंगडं घातलं, पायाला राख चोळली, तांदळाची पेज टाकली. "कुठं उकिरडं फुकत फिरतूस रं? ह्या भाऊंचं अंग बघ कसं हाय, आन तू बघ!" म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या पोरासमोरसुद्धा अण्णाच!

दुपारी जरा बरं वाटलं. अण्णा दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर बसले होते. त्यांना जायला शेवगावची गाडी होती, पण ते उठत नव्हते. आई मला पेज पाजत होती, तिकडे बघत होते. अगदी बारीक बघत होते. मला राग आला.

"अण्णा, एवढं शरीर जपून करायचंय काय तुम्हाला? कुठलं मैदान मारायचंय?"

ते म्हणाले, "तू पडलास, तुला हितं आनलं. मी पडलो तर मला कुठं न्यायचं, सांग बरं?"

मी घोंगडं वर ओढलं.

"खर्ड्याला माझ्या घराच्या निस्त्या भिंती हायेत. आय-बाप गेलं. भाव ऊसतोडीला गेलं, त्ये तिकडं कारखान्याकडंच ऱ्हायलं. ओट्यावर चालता-बोलता पावना चालतो, दिनू. पडलेला पावना कुनाला परवडतो? ते बी ह्या सालात? म्हनून म्या पडतच न्हाई." आणि हसले.

आईच्या हातातला वाडगा थांबला होता. ती उठली. त्यांच्या कपाळावर पालथा हात ठेवला. ताप कुठला असायला! त्यांचं कपाळ माझ्यापेक्षा थंड असणार.

"अंग कसकसतंय तुमचं," आई म्हणाली.

"न्हाई वो, वैनी. मला काय धाड भरली?"

"मला शिकवू नगा. आत या आन पडा."

आणि तो स्टँडवर बैठका काढणारा, सगळ्या जिल्ह्याला पोटाच्या दातांची गोष्ट सांगणारा माणूस मुकाट्यानं आत आला. आईनं माझ्या बाजेशेजारी वाकळ टाकली, त्यावर ते आडवे झाले. तिनं माझ्या अंगावरचं घोंगडं काढून त्यांच्या अंगावर घातलं. माझ्या! मी आजारी, आणि घोंगडं त्यांना. मग तिनं चहा आणला. साखरेचा, दुधाचा, आलं घातलेला. अण्णांनी दोन्ही हातांत कप धरला आणि प्यायले. शेवटी बशीत सांडलेलाही प्यायले. मग भिंतीकडे तोंड करून अंधार पडेपर्यंत झोपले. संध्याकाळची गाडी गेली. मी थंडीनं कुडकुडत त्यांच्या पाठीकडे बघत होतो, आणि मला त्यांचा मत्सर वाटत होता. आजही वाटतो. आई अजून मला पत्रात आधी विचारते, "भाऊ बरे आहेत ना?"

म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे. शेवगाव, पाथर्डी, जामखेड या बाजूच्या वाचकांनो, हा माणूस तुमच्या गावी येणार आहे. एक फाटा आधी उतरून, चालत, ठणठणीत येईल. चहा नको म्हणेल, अंथरूण नको म्हणेल, मी बरा आहे म्हणेल. त्याचं काहीएक ऐकू नका. कपाळाला हात लावा, ताप आहे असं खोटं बोला आणि त्याला एक दिवस तुमच्या घरी आजारी पडू द्या.