भिंतीवरचं घड्याळ कुठे गेलं?

फिल्मचे प्राध्यापक एका दुपारी कॉलेजातून घरी आले आणि सवयीने त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथे नुसता खिळा होता.

"घड्याळ?"

"दुरुस्तीला दिलंय," बायको म्हणाली.

(ते घड्याळ यांच्या लग्नाआधीपासून बंद होतं. इतक्या वर्षांत कुणाला त्याची दया आली नव्हती.)

प्राध्यापक सांस्कृतिक वारसा आणि सामाजिक प्रश्न यांवर माहितीपट काढत. लोकांच्या पोटातलं ओठावर कसं आणायचं, हे ते विद्यार्थ्यांना शिकवत. घरात मात्र त्यांना कुणी ताकास तूर लागू देत नसे.

मग आजोबांची आरामखुर्ची गेली. "ढेकूण झाले होते," आई म्हणाली. पाठोपाठ आईचं शिवणयंत्र. "पलंगाखाली असेल." प्राध्यापक पलंगाखाली शिरले. तिथे चपला होत्या आणि त्यांना मिळालेली सन्मानचिन्हं.

आता संशय मानगुटीवरच बसला. सासू-सुनेचं आजवर कशावरच एकमत झालं नव्हतं. हल्ली मात्र दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत, आणि हे आत गेले की मिठाबद्दल बोलू लागत. घर विकायला काढलं की काय? की बायको आपल्याला सोडून चाललीय, तीही आईला घेऊन? विचारायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी हॉलमध्ये शब्दकोशांच्या मागे कॅमेरा लपवला.

संध्याकाळी चित्रण पाहिलं. रिकामा हॉल. मग बायको आली, सरळ कॅमेऱ्यापाशी गेली आणि तिने त्यावर ओला टॉवेल वाळत घातला. पुढे नुसते आवाज.

"लाकडी पेटी उद्या हलवू, आई. उद्या त्यांचं व्याख्यान आहे."

"त्याला संशय आला तर?"

"येऊ दे. त्यांना संशय येतो, कळत काही नाही."

दुसऱ्या दिवशी व्याख्यानाला दांडी मारून प्राध्यापक जिन्याखाली दबा धरून बसले. दोघी पेटी उचलून शेजारच्या निवृत्त नर्सबाईंच्या घरात शिरल्या. हे मागोमाग. आतल्या खोलीत खुर्ची, शिवणयंत्र, घड्याळ, सगळं नीट मांडलेलं. घड्याळ तर चक्क चालू होतं.

"हे काय चाललंय?"

"आईंचं तांब्याचं घंगाळ तुम्ही कॉलेजच्या संग्रहालयाला देऊन आलात," बायको शांतपणे म्हणाली. "आम्ही बघायला गेलो होतो. त्यात छत्र्या ठेवल्यात. आणि आता म्हणताय, पुढची फिल्म आपल्याच घरावर. म्हणजे उरलेलंही तिकडेच जाणार."

आई शिवणयंत्राच्या चाकावरून हात फिरवत होती.

"तुझी कॉलेजची फी मी यावर शिवली," ती म्हणाली. "कॅमेऱ्याचं शिक्षण महाग होतं. डोळे अधू झाले माझे."

हे प्राध्यापकांना ठाऊकच नव्हतं. गावोगावच्या म्हाताऱ्यांना त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं, आईला कधी नाही.

"आई, हे कॅमेऱ्यासमोर सांगशील?"

"सांगतेच आहे की."

"सर, जरा बाजूला व्हा," कोपऱ्यातून आवाज आला. त्यांचीच विद्यार्थिनी कॅमेरा लावून उभी होती. "तुमची सावली आजींवर पडतेय."

प्राध्यापक मुकाट्याने भिंतीला चिकटले. मुलीने पुढचा प्रश्न विचारला, "आजी, घरातल्या वारशाला सगळ्यात मोठा धोका कुणाचा?"

आईने पदर सारखा केला आणि लेकाकडे पाहिलं.

"आधी याला बाहेर पाठव," ती म्हणाली, "मग सांगते."