बांधावरचं पिठलं

पहिलं पिठलं हौशीरामनं कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनी ते चोचीनं उलटंपालटं करून पाहिलं आणि त्या पुन्हा उकिरड्याकडं वळल्या. पीठ उकळत्या पाण्यात पडल्याबरोबर त्याच्या गोट्या झाल्या होत्या. गोटी फोडली की आत कोरडं पीठ निघत होतं.

दुसरं पिठलं एवढं घट्ट झालं की पळी त्यात उभी राहिली. तिसरं पातळ झालं. ते ताटात वाढलं तर भात सोडून कडेला जाऊन बसलं.

तेवढ्यात तळेगावहून सुनेचा, रुपालीचा फोन आला.

"बाबा, किती हट्ट करताय! कामशेतच्या हॉटेलातून पिठल्याची पार्सलं पाठवते. नाहीतर मी रजा टाकते."

"रजा नगं. आन् पार्सल तर बिलकूल नगं. पार्सलाला रबर आसतंय. चिखलाच्या हातानं बाया रबर सोडत बसतील व्हय?"

"मग करणार काय?"

"पिठलं," हौशीराम म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

हट्टाला कारण होतं. कार्ला गावाच्या खालच्या अंगाच्या चार घरांत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीनं चाले. आज ह्याच्या वावरात, उद्या त्याच्या. मजुरी कुणी कुणाला देत नसे, पण ज्याचं वावर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. हौशीरामच्या वावरात आवणी असली की बाया सकाळपासूनच भराभर हात चालवायच्या. कारण दुपारी बांधावर त्याच्या बायकोचं, बयाबाईचं हुलग्याचं पिठलं यायचं. अंग भिजलेलं, बोटं पांढरी पडलेली, आणि समोर इंद्रायणीच्या वाफाळत्या भातावर ते तांबूस, लसणीचं पिठलं. पहिला घास पोटात गेला की बाया बोलायच्या बंद व्हायच्या. त्या बायांना गप्प करणं दुसऱ्या कुणाला कधी जमलं नव्हतं.

बयाबाई जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. पावसाळा लागला तशी भामाबाई दारात आली होती. ती हौशीरामच्या चुलतभावाची बायको, वावराच्या शेजारची.

"भावजी, औंदा जेवनाचं मनावर घेऊ नगा. आमी समद्या आपापली भाकर बांधून आनू."

ती मायेनंच म्हणाली, पण बयाबाईच्या बांधावर बाया आपापली फडकी सोडून बसल्यात, हे चित्र हौशीरामला बघवेना.

"वयनी, माझ्या बांधावर कुनी घरची भाकर सोडायची न्हाई. पिठलंच व्हईल."

"करनार कोन?"

"मी."

भामाबाईनं पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की रडू, ते त्याला कळलं नाही.

आता अडचण अशी होती, की जन्मभर पिठलं खाल्लं तरी ते होताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ते व्हायचं तेव्हा तो चिखलात असायचा. तीन पिठली फसल्यावर लाज बाजूला ठेवून तो भामाबाईकडंच गेला.

"वयनी, कुनाला बोलू नगा. आदी पानी का आदी पीठ?"

भामाबाईनं कपाळाला हात लावला. "अवो, आदी फोडनी! मग पानी. उकळी आली की वरून पीठ पेरायचं, भुरूभुरू. बयाला मीच तर शिकवलं."

घरी येऊन त्यानं पीठ पेरलं. पुन्हा गोट्या. मग तो रतनबाईकडं गेला. तिचं घर ओढ्यापलीकडं होतं आणि जीभ तिखट होती.

"पेरायचं? ते काय भात हाय व्हय पेरायला? भाऊ, पीठ गार पान्यात कालवून मग ओतायचं. बया माझ्याकडंच शिकली. आन् तुमाला हे पेरायचं कुनी सांगितलं आसल, त्याच्या घरी जेवू नगा."

हौशीरामनं कुणाचं नाव सांगितलं नाही. तिसरी सारिका, पुतण्याची बायको, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. ती म्हणाली, "आबा, पीठ आधी तव्यावर खमंग भाजून घ्या. काकूंना मीच सांगितलं होतं ते. पण कुणाला सांगू नका हां, बाकीच्यांना राग येईल."

तिघींनी तीन वाटा दाखवल्या आणि तिघींनीही तोंड बंद ठेवलं. तो निघून गेल्यावर मात्र तिघीही आपापल्या ओट्यावर बसून एकच विचार करत राहिल्या. ज्याला आधी पाणी की आधी पीठ हे ठाऊक नाही, तो एवढ्या माणसांना काय घालणार?

आवणीच्या दिवशी हौशीराम पहाटेच उठला. भात नीट झाला. इंद्रायणीचा भात बिघडवणं मावळात जन्मलेल्या माणसाला जमत नाही. मग त्यानं बयाबाईच्या मोठ्या पातेल्यात पिठलं घातलं. पीठ भाजून, पाण्यात कालवून, आणि थोडं वरून पेरूनसुद्धा. कुणाचं मन मोडायला नको. आणि काय नवल, एकही गोटी झाली नाही. पिठलं रटरटायला लागलं. तो हरखून बघत बसला.

एवढ्यात बाहेर चिखलणीचं, म्हणजे वावरात चिखल करायचं यंत्र घेऊन माणूस आला आणि वाट चुकून सारिकाच्या भाताच्या रोपात घुसू लागला. "आरं, हिकडून! हिकडून!" करत हौशीराम धावला. बांध फोडून त्याला वाट करून दिली, पुन्हा बांध लिंपला आणि परत आला तर घरभर धूर.

पिठलं खाली लागलं होतं. चांगलंच लागलं होतं. नव्यानं करायला घरात पीठ उरलं नव्हतं. त्यानं खालचं न ढवळता वरचंवरचं दुसऱ्या पातेल्यात काढलं. ते जेमतेम निम्मं भरलं आणि त्यालाही करपल्याचा दणदणीत वास होता. तेच घेऊन तो वावरात गेला. बांधावरच्या उंबराखाली, भाताच्या पातेल्याशेजारी त्यानं ते ठेवलं, वर झाकण आणि झाकणावर दगड ठेवला.

सकाळभर तो रोपांच्या मुठी बायांना पुरवत होता, पण लक्ष उंबराकडं होतं. थोड्या वेळानं भामाबाई ओळीतून उठली. "तंबाखूची डबी राहिली तितं." ती घोंगत्यांच्या, म्हणजे पावसात डोक्यावरून घ्यायच्या खोळींच्या, ढिगाशी गेली, उंबरामागं दिसेनाशी झाली आणि आली. मग रतनबाई उठली. "घसा सुकलाय." पावसात उभी असलेली बाई, घसा सुकलाय! मग सारिका. "आबा, फोन वाजतोय वाटतं."

हौशीराम समजायचं ते समजला. वास ह्यांना आला होता. एकेक जाऊन झाकण उघडून बघतीये आणि गप्प येऊन रोपं लावतीये. कुणी त्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. मुठी टाकता टाकता त्याला वाटलं, पार्सल मागवलं असतं तर निदान बयाबाईच्या नावाला धूर लागला नसता.

जेवणाची वेळ झाली. सगळे हात धुऊन गोल करून बसले. हौशीरामनं मनाशी ठरवलं, भात जास्त वाढायचा, पिठलं बोटभर, आणि आपण उपाशी राहायचं. त्यानं दगड काढला, झाकण उचललं आणि तो तसाच उभा राहिला.

पातेलं काठोकाठ भरलं होतं.

त्यानं वर उंबराकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. भामाबाईनं त्याला हळूच डोळा घातला. रतनबाईनं ओठावर बोट ठेवलं. सारिका मान खाली घालून गालात हसत होती. हौशीराम वाढू लागला.

पहिला घास गेला. दुसरा गेला. बाया गप्प झाल्या.

बऱ्याच वेळानं सारिका म्हणाली, "आबा, ही तर काकूंचीच चव."

रतनबाईनं मनगटानं नाक पुसलं. "मिरची लागली," ती म्हणाली.

भामाबाईला मात्र राहवेना. "लागनारच ती चव. केलंय कुनी?"

"हौशीभाऊंनी," रतनबाई साळसूदपणे म्हणाली.

"भावजींनी व्हय? ह्यो बघ माझा डबा, रिकामा!"

"तुमचा डबा? मग माझी किटली काय उंबरानं पिली?"

"म्हणजे तुम्ही पण ओतलंत?" सारिका ओरडली. तिच्या घोंगत्याखालून तिसरा डबा निघाला.

मग जे सुरू झालं ते पलीकडच्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतल्या लोकांनीही माना वळवून पाहिलं. प्रत्येकीचं म्हणणं, चव माझ्या पिठल्यानं आली. रतनबाई म्हणाली, पेरलेल्या पिठल्याला चव येईलच कशी? भामाबाई म्हणाली, कालवलेलं पिठलं म्हणजे चिखलणी.

"पण मावशी," सारिका मधेच म्हणाली, "खरं सांगा. तुमच्या घरी असं लागतं का?"

भामाबाई थांबली. तिनं बोट बुडवून चाटलं. "न्हाई लागत."

"माझं बी न्हाई," रतनबाई पडेल आवाजात म्हणाली.

हौशीरामला आता लपवणं जड झालं. "माझं खाली लागलं व्हतं. लय करपलं. त्यो वास हाय त्यो. माफ करा."

भामाबाईनं पुन्हा बोट चाटलं आणि एकदम मांडीवर थाप मारली. "आगं बया! बयाचं बी लागायचं! चुलीवर पिठलं ठेवून घरात थांबली का कदी ती? ह्येच्या दारात ताक दे, त्येच्या पोराला दवाखान्यात ने. कोन हाक मारल तिकडं पळायची. परत येईस्तवर खालून धरलेलंच आसायचं."

"आन् आमी म्हनायचो, लसून काय खमंग भाजते," रतनबाई म्हणाली.

हौशीरामनं आपलं ताट ओढलं. हुलग्याची चवच तशी असते, असं त्याला जन्मभर वाटत आलं होतं.

मग तोही जेवला. पोटभर जेवला. पातेलं पुसून घेतलं तेव्हा रतनबाई म्हणाली, "भाऊ, उद्या आमच्यात आवनी. तुमी मुठी टाकायला येऊ नगा. पीठ, लसून समदं मी काडून ठेवते. करपवायला तेवडं तुमी या."

"मुद्दाम कसं जमल मला?"

"या तर खरं."

दुसऱ्या दिवशी हौशीराम रतनबाईच्या चुलीपुढं बसला. पिठलं रटरटू लागलं. त्यानं दाराकडं पाहिलं. कुणी येईना, कुणी हाक मारीना. उगाच उठून जायचं तर मनाला पटेना. पिठलं झकास होत चाललं आणि त्याला घाम फुटला.

तेवढ्यात अंगणातून रतनबाईचा आवाज आला. "भाऊ, पळा! गाईचं दावं सुटलंय!"

हौशीराम धावत गोठ्यात गेला. गाय खुंट्याला घट्ट बांधलेली होती आणि शांतपणे रवंथ करत होती. त्यानं एकदा घराकडं पाहिलं. मग दाव्याची गाठ सोडली आणि सावकाश पुन्हा बांधायला घेतली.