यादी गेली, माल राहिला

अक्षर म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते, असे जुने पंडित सांगून गेले. पंडितांच्या घरी जावई मोबाइल चार्ज करायला येत नसत.

अप्पांचे जावई मंगळवारी सकाळी साडेदहाला आले, तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये दोन टक्के बॅटरी उरली होती आणि अप्पांच्या पुस्तकात एक पूर्णविराम. तो पूर्णविराम देऊन अप्पांनी मजकूर साठवण्याचे बटण दाबले. पडद्यावर एक चक्र गरगरू लागले.

"अप्पा, ही वायर घेऊ का जरा? मला हीच लागते," जावई म्हणाले. विचारणे आणि वायर उपटणे या दोन क्रिया त्यांनी एकाच वेळी उरकल्या. वायरच्या दुसऱ्या टोकाला साबणाच्या डबीएवढी हार्ड डिस्क होती, आणि तिच्यात अप्पांची तीन वर्षे होती.

"तुमचं झालंच होतं ना?"

"झालंच होतं, जावईबापू," अप्पा म्हणाले. जावयाच्या हातून चूक होत नसते. त्यांच्या हातून तांत्रिक अडचण होते.

अप्पा पाणीपुरवठा खात्यातून अभिलेखपाल म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांचे कागद जपले. त्या लाखभर कागदांवर साऱ्या खात्याच्या सह्या होत्या, अप्पांचा मात्र फक्त 'प्राप्त झाले' असा गोल शिक्का होता. त्यामुळे साठाव्या वर्धापनदिनासाठी खात्याचा इतिहास लिहून द्या, असे पत्र आले, तेव्हा अप्पांनी पहिल्या दिवशी फक्त मुखपृष्ठ लिहिले. खाली लेखक म्हणून स्वतःचे नाव घातले, लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले. आतला मजकूर दुसऱ्या दिवशी सुरू केला. आता प्रकाशन शनिवारी होते आणि छापखान्याने गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत दिली होती.

अप्पांचा एक नियम होता. मूळ प्रत एकच ठेवायची. दोन प्रती झाल्या की खरी कोणती यावर वाद होतो, आणि वाद झाला की समिती बसते. म्हणून मजकुरात सुधारणा केली की ते नवी फाइल करत, जुनीशी ताडून पाहत, आणि जुनी तिथल्या तिथे पुसून टाकत. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीसुद्धा रोज रिकामी करत. घरातला खरा कचरा त्यांच्या पत्नी माई टाकत.

मोबाइल चार्ज झाल्यावर वायर परत आली. डिस्क जोडली, तर पडद्यावर प्रश्न उमटला. डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

"करा, करा," जावई म्हणाले. "आमच्या ऑफिसात रोज येतं हे." जावई एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत होते. तिथे ते लोकांच्या रजा मोजत.

"फॉरमॅट म्हणजे काय होतं?" अप्पांनी विचारले.

"म्हणजे ते सगळं नीट मांडून घेतं."

मांडणी हा शब्द अप्पांना आवडला. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी समोर आलेल्या कुठल्याही प्रश्नाला त्याच दिवशी हो म्हटले नव्हते. त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून जावयांपुढे ठेवला. "आपला अभिप्राय तेवढा लेखी द्या."

"अप्पा, हे ऑफिस नाहीये!" ताई ओरडली. ताई म्हणजे अप्पांची मुलगी. ती नवऱ्यालाही ओरडू शकत असे, पण माहेरी नाही.

जावयांनी लिहिले, "फॉरमॅट करण्यास हरकत नाही," आणि सही केली. अप्पांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मांडणी झाल्यावर मूळ कागद कुठे ठेवतात, ते नाही आलं यात."

"बघून सांगतो," म्हणत जावयांनी मोबाइल उघडला. त्यात आता बॅटरी भरपूर होती. ते वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. "मूळ कागद... जातात."

"कुठे?"

"जातात, एवढंच दिलंय."

अप्पांनी त्या कागदावर 'विचाराधीन' असा शेरा मारला आणि डिस्क रुमालात गुंडाळली.

दुरुस्तीचे दुकान जिन्याखाली होते. आत पोटे उघडी पडलेले आठ-दहा कॉम्प्युटर आणि कपाळावर भिंग चढवलेल्या एक बाई. बाईंनी डिस्क उलटसुलट करून पाहिली.

"चालू असताना उपटली कोणी?"

अप्पा, ताई आणि जावई तिघेही छताकडे बघू लागले.

"तांत्रिक अडचण आली," अप्पा म्हणाले.

"तांत्रिक अडचणीचं वय काय?"

"बत्तीस," ताई म्हणाली.

"दुसरी प्रत आहे कुठे?"

"आमच्या तत्त्वात बसत नाही ते," अप्पा म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे भिंगातून पाहिले. मग डिस्क आपल्या यंत्राला जोडली आणि पडद्यावर सरकणारे आकडे बघत राहिल्या. अप्पा उभेच होते. खुर्ची होती, पण ते बसले नाहीत.

"माल आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "यादी गेलीय. कुठला कागद कुठल्या कप्प्यात, याची एक यादी असते आत. ती लिहिली जात असतानाच वायर निघाली. आता कप्पे भरलेले आहेत, पण कशात काय आहे ते डिस्कलाच ठाऊक नाही."

अप्पा खुर्चीत बसले. "म्हणजे दप्तर शाबूत आहे. नोंदवही फाटली."

"बरोब्बर! इतक्या पटकन कळत नाही कुणाला. आणि ते फॉरमॅटचं बटण दाबलं नाहीत, हे फार शहाणपण केलंत. घाईघाईनं दाबतात लोक."

"नाही दाबलं आम्ही," जावई म्हणाले.

बुधवारी सकाळी बाईंनी सगळे काढून नव्या डिस्कवर दिले. नऊ हजार चारशे बारा फायली. एकीलाही नाव नव्हते, तारीख नव्हती. नुसते क्रमांक होते.

"आणि तुम्ही पुसलेलंही आलंय बरं का त्यात," बाई म्हणाल्या. "पुसलं म्हणजे फक्त यादीतून नाव खोडलं जातं. त्या जागेवर दुसरं काही लिहीपर्यंत कागद आपला पडून राहतो."

अप्पांनी हे ऐकून घेतले. माणूस निवृत्त झाल्यावर त्याला असे काही सांगू नये.

घरी आल्यावर ताईने 'झडप' हा शब्द टाकून शोध घेतला. अप्पांच्या इतिहासाखेरीज तो शब्द घरात कोणी वापरत नव्हते. एकतीस फायली आल्या. सगळ्यांवर तेच शीर्षक, आत तीच प्रकरणे. तीन वर्षांत अप्पांनी तीस वेळा जिचे अंत्यसंस्कार केले होते, ती प्रत तीसही रूपांनी उठून दारात उभी होती, आणि त्या घोळक्यात कुठेतरी एकतिसावी, खरी.

"आता यातली शेवटची कोणती?" ताईने विचारले.

"माझं लिखाण आहे, मला कळेल," अप्पा म्हणाले. त्यांनी एक उघडली. मग दुसरी. मग तिसरी. चौथीला त्यांनी पाणी मागवले.

वाटेल ती छापून चालण्यासारखे नव्हते, कारण मधे साहेब होते. एकोणीस वर्षांपूर्वी साहेब साधे इंजिनियर असताना त्यांनी मुख्य जलवाहिनीची झडप उलटी फिरवली होती. निम्म्या शहराला चार दिवस पाणी नव्हते आणि उरलेल्या निम्म्याला ते जिन्यावरून येत होते. पुढे साहेब चढत चढत खात्याचे प्रमुख झाले, आणि शनिवारी प्रकाशन त्यांच्याच हस्ते होते. अप्पांनी हे प्रकरण पहिल्या प्रतीत घडले तसे लिहिले होते. नंतरच्या प्रत्येक प्रतीत ते जरा मऊ केले होते.

"मग सोपं आहे की!" जावई एकदम म्हणाले. "साहेब जितके थोर, तितकी प्रत नंतरची."

घरात शांतता पसरली. जावई शहाणपणाचे बोलले की सासरी अशीच शांतता पसरते.

एकतीस प्रती वाटून घेतल्या. ताई वही घेऊन बसली. जावई खड्या आवाजात वाचू लागले.

"'झडप उलटी फिरवली गेली.' फिरवली कोणी, ते नाहीये."

"म्हणजे पहिल्या दहातली," ताई म्हणाली. "पुढे."

"'झडप उलटी फिरली.'"

"आपोआप? मग ती पंधराच्या आसपास."

"'झडपेच्या दिशेबाबत दोन मतप्रवाह होते.'"

"विसाच्या पुढे टाक," अप्पा खाली मान घालून म्हणाले.

"'झडपेचा प्रश्न साहेबांनी कौशल्याने हाताळला.' अप्पा, हे जरा..."

"पुढे वाचा, जावईबापू."

अगदी जुन्या प्रती माईंच्या वाट्याला आल्या होत्या. अपुरा कागद कोणाला दाखवायचा नाही, हा अप्पांचा दुसरा नियम असल्यामुळे तीन वर्षांत माईंनी त्या इतिहासातली एक ओळ पाहिली नव्हती. त्या लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसल्या. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला.

"काय झालं गं?" अप्पांनी विचारले.

"काही नाही," माई आतून म्हणाल्या. "पाणीपुरवठा."

गुरुवारी दुपारी बारापर्यंत एकोणतीस प्रती रांगेत लागल्या. दोन उरल्या. एकीत साहेब 'द्रष्टे' होते आणि दुसरीत 'युगद्रष्टे'. अप्पांना आठवेना. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी युग घातलेही होते आणि काढलेही होते.

"घातलेलंच शेवटचं असणार," ताई म्हणाली. "अशा गोष्टी काढत नाही कोणी."

युग मंजूर झाले. फाइल पेनड्राइव्हवर घेतली. जावई उठले आणि म्हणाले, "द्या, मी देऊन येतो छापखान्यात."

"बसा हो तुम्ही!" तिघे एकदम म्हणाले.

"दमलात," माईंनी मागाहून जोडले. "मी जाते. मला भाजी आणायचीच आहे. थांबा, जरा लॅपटॉप बघून घेते, बंद केलाय का ते."

शनिवारी सभागृहात खात्याचे दीडशे लोक होते. छापखान्याचा टेम्पो वाटेत अडकला आणि पुस्तकांचे गठ्ठे कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचले. साहेबांनी एका प्रतीचे वेष्टन सोडले, ती फोटोसाठी छातीशी धरली आणि बावीस मिनिटे भाषण केले. हे पुस्तक आपण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले असून त्यातल्या आपल्यावरच्या स्तुतीने आपल्याला अवघडल्यासारखे झाले, असे ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लेखकाला भाषणाआधीच एक प्रत मिळाली होती. भाषण चालू असताना अप्पा पहिल्या रांगेत बसून मुखपृष्ठावरच्या नावाकडे बघत होते. नाव ठसठशीत आले होते. त्यांनी त्यावरून एकदा बोट फिरवले आणि सहज पुस्तक मधे उघडले.

"साहेबांनी झडप उलटी फिरवली. हाताखालच्या फिटरने तसे सांगितले असता, 'झडप तुम्ही बनवली का?' असे विचारून त्यांनी ती आणखी अर्धा वेढा फिरवली."

अप्पांनी पुस्तक मिटले. "अगं," ते पुटपुटले, "ही पहिली प्रत आहे."

"हो," शेजारून माई म्हणाल्या.

"तुला माहितीये?"

"मीच दिली. तुमची ती युगद्रष्टे वाचायला घेतली होती मी. सहाव्या पानाला डोळा लागला. ही वाचताना दूध उतू गेलं."

"अगं, पण साहेब!"

"हळू बोला. साहेब बोलतायत."

पुढचे नऊ दिवस फोन वाजला की अप्पा न्हाणीघरात जात. निवृत्तिवेतन थांबते का, अब्रुनुकसानीला वकील लागतो की नुसती माफी पुरते, हे त्यांनी जावयांना विचारले. जावयांनी अभिप्राय लेखी देण्याची तयारी दाखवली. मधेच अप्पा ते पान उघडून पुन्हा वाचत, आणि माई आत असल्या तर थोडे हसतही. पाचव्या दिवसापासून ते फोन वाजण्याची वाट बघू लागले. कोणीतरी चिडायला हवे होते. निदान एकाने.

दहाव्या दिवशी खात्याचे पत्र आले. नव्या अभिलेखपालाने ते पाठवले होते. अप्पांनी ते उभ्यानेच वाचले.

'खात्याच्या इतिहासाच्या प्रती अभिलेख कक्षात, कपाट क्रमांक सातमध्ये, गठ्ठे न सोडता जमा करण्यात आल्या आहेत. प्रकाशनप्रसंगी मा. साहेबांनी हाती घेतलेली प्रत व्यासपीठावरच राहिल्याने तीही जमा करून घेतली आहे. छापलेल्या तीनशेपैकी एकूण दोनशे नव्व्याण्णव प्रती भरतात. उरलेली एक आपल्याकडे असल्यास ती त्वरित जमा करावी, ही विनंती.'

अप्पांनी दुसऱ्या दिवशी प्रत नेऊन दिली.