चौथी होडी

"अहो, या डब्यांवर नावं घाला," असं डॉक्टरांची बायको वर्षभर दाताच्या कण्या करून सांगत होती. डॉक्टर स्वतः दातांचेच असल्यामुळे असेल, पण त्यांच्यावर त्याचा काही परिणाम होत नव्हता. स्वतःच्या हातांनी ठेवलेली वस्तू ज्याला ओळखता येत नाही त्यानेच लेबलं लावावीत, असं त्यांचं मत होतं.

डब्यांचा प्रश्न आला होता तो जहाजामुळे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने एक्स-रे मशीन ठेवलं असतं, तिथे यांनी तीन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज बांधायला घेतलं होतं. शिडं चढली होती, दोर ताणून झाले होते, सुकाणूसुद्धा फिरत होतं. राहिल्या होत्या डेकवरच्या चार होड्या. मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, माणसं उतरवायला होड्या लागतात, आणि होड्या नसलेलं जहाज म्हणजे डॉक्टरांच्या मते दात नसलेलं तोंड.

तिथेच घोडं अडलं होतं. इवलीशी होडी करायची म्हणजे आधी तिच्या आकाराचा साचा करायचा, त्याला मेण चोळायचं, मग कागदासारख्या पातळ पट्ट्या भिजवून, वाकवून त्यावर एकेक चिकटवायच्या आणि वाळल्यावर होडी अलगद उचलायची. पहिल्या वेळी डॉक्टर मेण लावायलाच विसरले आणि होडी साच्याला जन्माची चिकटली. साच्याचीच चूक असावी असं ते म्हणाले. तेव्हापासून ते लाकडाऐवजी प्लास्टरचे साचे करू लागले. पेशंटच्या जबड्याच्या मापात जे पिवळं प्लास्टर ओततात, त्याच प्लास्टरचे. आणि वाळत ठेवायचे ते, जबडे ज्या निळ्या डब्यांतून कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये जात, त्याच डब्यांत.

"एक दिवस कोणाच्या तरी तोंडात जहाज घालाल," बायको म्हणाली.

"मला जबडा कळतो," डॉक्टर म्हणाले.

अशात सासूबाई आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या जुन्या शाळेच्या नव्या इमारतीचं रविवारी उद्घाटन होतं आणि प्रमुख वक्त्या त्याच होत्या. पण वरची कवळी हातातून निसटून फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून त्या तोंडावर हात धरूनच बोलत. तशा हाताआडूनही जावयाला दोन शब्द ऐकवायला त्या चुकल्या नव्हत्या. खऱ्या डॉक्टरांना होड्या करायला वेळ मिळत नाही, हे त्यातलं सौम्य वाक्य होतं.

डॉक्टरांनी झोकात माप घेतलं, जबडा ओतला, डबीत ठेवला. शेजारच्या डबीत चौथ्या होडीचा साचा वाळत होता. चौथी होडी सगळ्यात मोठी, पोटाशी रुंद, जवळजवळ जबड्याएवढी. या वेळी मात्र बायकोने लेबलं आणि पेन पुढ्यात आणून ठेवलं आणि ती तिथून हलेचना. डॉक्टर तिसऱ्या होडीची पट्टी वाकवत होते. त्यांनी वैतागून ती खाली ठेवली, एका लेबलावर 'सासूबाई' आणि दुसऱ्यावर 'होडी नं. ४' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि दोन्ही लेबलं झाकणांवर थापटून लावली.

"उघडून तरी बघा."

"अगं, स्वतःच्या हातांनी ठेवल्यात मी."

हे खरं होतं. पण सकाळी टेबलावर जागा करायला त्यांनी स्वतःच्याच हातांनी त्या उचलून पुन्हा मांडल्या होत्या, तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. संध्याकाळी लॅबचा माणूस आला आणि 'सासूबाई' लिहिलेली डबी घेऊन गेला.

लॅबचे मालक स्वतः कवळ्या बनवत. माणूस मितभाषी आणि पद्धतशीर. डबीवर जे नाव असेल ते ते बारीक कागदावर लिहीत आणि कवळीच्या मागच्या कडेत, पारदर्शक थराखाली, कायमचं गाडून टाकत. पूर्वी एकदा दोन भावांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली होती आणि दोघेही आठवडाभर एकमेकांच्या दातांनी जेवले होते, तेव्हापासूनची ही पद्धत. सासूबाईंची डबी उघडल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी फोन केला.

"डॉक्टर, हा जबडा जरा वेगळा वाटतो."

"माणूसच वेगळं आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताने ते तिसऱ्या होडीची शेवटची पट्टी दाबून धरून होते.

"समोर फारच निमुळता होत गेलाय."

"त्यांचं घराणंच टोकदार आहे."

"टाळू आत जायची ती बाहेर आलीय. आणि मधोमध कण्यासारखी एक कड आहे."

"असते एखाद्याला."

लॅबवाल्यांनी साचा दिव्याकडे धरून पुन्हा पाहिला. मग हळूच म्हणाले, "त्यांना बोलता येतं का हो?"

"दुसरं काही येत नाही."

"मग आधी एक ट्रायल घेऊ या का?"

"काही गरज नाही. माझं माप आहे. आहे तसं करा आणि मला प्रश्न विचारू नका."

लॅबवाल्यांनी फोन ठेवला. त्यांना त्या अनोळखी बाईंची इतकी कीव आली की ते काम त्यांनी जीव ओतून केलं.

शुक्रवारी सकाळी डबी परत आली. सासूबाई खुर्चीत गळ्याला रुमाल बांधून, तोंड उघडून तयारच होत्या. डॉक्टरांनी झाकण काढलं आणि त्यांचीच दातखिळी बसली. आत एक गुलाबी, चकचकीत होडी होती. पुढे निमुळती, मागे सपाट, आतून तळाला साच्यावरच्या कडेची खाच, आणि काठाला ओळीने दात. खांद्यावरून डोकावणाऱ्या बायकोने ती पाहिली आणि आईसारखाच तोंडावर हात धरून ती बाहेर निघून गेली. बाहेरून बराच वेळ ठसका लागल्याचा आवाज येत होता.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. थोडं फिनिशिंग राहिलंय. आ मिटा."

सासूबाईंनी आ मिटला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तोंडावर हात न धरता त्या बोलल्या.

"जावईबापू, रविवारी मी बोलले नाही तर आत्ताचा मुख्याध्यापक बोलेल. ती शाळा मी पत्र्याच्या शेडमधून उभी केली, आणि तो सांगेल त्याने केली. नव्या इमारतीवर माझं नाव नाही. चालेल. पण मला बोलायचंय."

डॉक्टरांना आपल्या कामाची भीती अशी कधी वाटली नव्हती. ती या वेळी वाटली, आणि त्या बोळक्या तोंडाकडे बघून सासूबाईंबद्दल आयुष्यात पहिल्यांदा माया वाटली.

ते मागच्या खोलीत गेले, दुसरी डबी उघडली, आत खराखुरा जबडा असल्याची खात्री केली आणि झाकण लावून स्कूटर काढली. झाकणावर काय लिहिलंय ते बघायचं त्यांना सुचलं नाही. लॅबमध्ये पोचल्यावर आपण होडीचं माप पाठवलं होतं असं सांगणं त्यांच्या जिवावर आलं आणि ओठांवर काही येईना.

"आधीचा साचा रद्द," ते म्हणाले. "हा घ्या. उद्या संध्याकाळी कवळी हवी."

लॅबवाल्यांनी डबी उघडून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "छान आहे हो जबडा. मग त्या आधीच्या बाईंचं काय?"

"त्यांचा विषय काढू नका."

"बरं. आणि हे नाव..."

"काही म्हणजे काही विचारू नका, असं सांगितलंय ना मी?"

लॅबवाल्यांनी झाकणाकडे एकदा पाहिलं, डॉक्टरांकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी कवळी आली. डॉक्टर डबी उघडतात न उघडतात तोच सासूबाईंनी ती हिसकावली आणि तोंडात बसवली. टक्क आवाज आला. मग त्या बोलू लागल्या आणि साठलेलं सगळं बोलून झाल्यावरच झोपल्या. डॉक्टर सुटलो म्हणाले आणि गुलाबी होडीचे दात घासून काढायला बसले. ती टाकून देववेना. साच्यावर अशी चपखल, अशी पातळ होडी त्यांच्या पट्ट्यांनी दहा जन्मांत झाली नसती. त्यांनी तिला पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिला आणि डेकवर ठेवून दिली.

रविवारी निघायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, डावीकडे किंचित टोचतंय. डॉक्टरांनी कवळी काढून दिव्याखाली धरली. मागच्या कडेत, पारदर्शक थराखाली, बारीक सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'होडी नं. ४'.

ते फोन घेऊन बाहेर पळाले.

"डबीवर होतं तेच टाकलंय," लॅबवाले शांतपणे म्हणाले. "मी विचारणारच होतो."

"पुसता येईल का?"

"आत गाडलंय. नवी करण्यापेक्षा ते नाजूक काम, चार दिवस कवळी माझ्याकडे ठेवावी लागेल."

भाषण तासाभरावर आलं होतं. डॉक्टरांनी डावीकडे जरासं घासलं आणि कवळी परत दिली. ज्या बाईंच्या दातांवर असं काही लिहिलेलं होतं, त्या मग व्यासपीठावर चढल्या आणि पत्र्याच्या शेडपासून सुरुवात करून अशा काही बोलल्या की मागच्या रांगेतले लोक उभे राहून ऐकू लागले. एकही शब्द निसटला नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा माइककडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला. पहिल्या रांगेत डॉक्टरांचा ऊर भरून आला होता. आणि घरी जाऊन सासूबाईंनी वाचायचा चष्मा लावून कवळी हातात घेतली तर काय, हा विचारही पाठ सोडत नव्हता.

घरी परतताना सासूबाई खुशीत होत्या. त्या म्हणाल्या, ते जहाज एकदा बघते तरी. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी चष्मा चढवला. पहिल्या तीन होड्यांपुढे त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. चौथीपुढे थांबल्या.

"ही मात्र रेखीव झालीय. बाकीच्यांच्या वेळी हात बसला नव्हता वाटतं."

"बसला हळूहळू," डॉक्टर म्हणाले.

सासूबाई अजून वाकल्या. जहाजाचं नाव जिथे लिहितात, तिथेच, होडीच्या मागच्या सपाट फळीवर, रंगाच्या पातळ हाताखालून अक्षरं वर आली होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "सासूबाई."

बायको छताकडे बघत होती.

"सगळ्यात सुबक होडीला माझं नाव दिलंत?" सासूबाईंचा आवाज बदलला होता. "शाळेने साध्या भिंतीवर घातलं नाही हो. आणि मी तुम्हाला काय काय बोलत आले."

डॉक्टर क्षणभरही अडखळले नाहीत. "दुसऱ्या कोणाचं देणार, आई?"

सासूबाईंनी चष्म्याखालून डोळे टिपले. "चष्मा लावलाच आहे, तर हे दातही नीट बघून घेते. इतके छान बसलेत, केलेत तरी कसे," असं म्हणून त्यांनी तोंडाकडे हात नेला.

"आई, थांबा." डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. "दातांना तुम्ही हात लावायचा नाही. धुणं, पुसणं, सगळं मी करणार."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ," डॉक्टर म्हणाले.

सासूबाई सोमवारी परत जाणार होत्या. पण असा जावई टाकून जायचं कशाला, म्हणून त्या राहिल्या. कवळी चार दिवस लॅबला द्यायचं डॉक्टरांनी सुचवून पाहिलं, पण आता हे दात तासभरही सोडणार नाही असं त्यांनी सांगितलं. आता त्या रोज झोपताना चष्मा उशाशी ठेवून कवळी थेट डॉक्टरांच्या तळहातावर देतात आणि सकाळी तिथूनच घेतात. नातेवाइकांत डॉक्टरांचं उदाहरण दिलं जातं. दिवा घेऊन शोधला तरी असा जावई मिळायचा नाही, असं म्हणतात. डॉक्टर ते ऐकून मान डोलावतात आणि बेसिनपाशी उभे राहून, लिहिलेली बाजू स्वतःकडे धरून, ब्रश फिरवत राहतात. बायको शेजारी उभी राहून टॉवेल पुढे करते.