उघडा, म्हंजे कळंल

लग्नात आलेलं आहेराचं खोकं भानुदासनाना नवरदेवाच्या आधी उघडतात. नेवाशाला माझ्या मेहुणीच्या लग्नात 'मिक्सर' लिहिलेलं एक खोकं त्यांनी हातात तोललं, हलवलं, कानाला लावलं. "ह्ये मिक्सरचं वजन न्हाई," म्हणाले आणि वरचा कागद टरकावला. आत भिंतीवरचं घड्याळ निघालं. आहेर देणारे पाहुणे जेवायला थांबलेच नाहीत.

नाना आमच्या नगरच्या एमआयडीसीतल्या गोदामात माल तपासतात. परदेशी जाणारा माल इथे कंटेनरमध्ये भरून बंदरावर पाठवतात. कागदपत्रं मी करतो. माझ्या लेखी कागद झाला की काम झालं. नानांच्या लेखी कागद म्हणजे नुसती ऐकीव बातमी. "उघडा, म्हंजे कळंल," एवढंच ते म्हणतात. माझा जेवणाचा डबासुद्धा ते उघडून तपासतात आणि तपासल्यावर तो थोडा हलका झालेला असतो.

परवा एक कंटेनर भरायचा होता. कागदावर 'शेतीची अवजारं'. संध्याकाळपर्यंत गाडी निघाली नाही तर जहाज चुकणार आणि मालकांच्या शिव्या मी खाणार. नानांनी मधलंच एक खोकं ओढलं. आत फवारणीचा पंप आणि त्याची बॅटरी. कागदावर बॅटरीचा उल्लेखच नव्हता.

"अहो नाना, पंप म्हणजे अवजारच की."

"आत बॅटरी हाय, ह्ये जहाजवाल्याला कोन सांगनार? त्यो ठिवंल इंजनाच्या गरमीला. एक पेटली म्हंजे समदी पेटत्यात. भर समुद्रात पळायचं कुटं?"

माझं डोकं फिरलं. नानांची मुलगी सुमन असल्याच जहाजावर अधिकारी होती, हे गोदामात सगळ्यांना ठाऊक. मी म्हणालो, "सुमन नोकरी सोडून घरी आली त्याला वर्ष झालं. आता कुणाची काळजी करताय?"

नाना बॅटरी जपून खोक्यात ठेवत होते. "तिच्या जागी केरळची पोरगी आलीया. सुमननं फोटू दावला. नाव लई आवघड हाय, मला घेता येत न्हाई." खोक्याचं झाकण लावत म्हणाले, "तिचा बाप तिकडं लांब हाय. त्यो हितलं खोकं कसं उघडनार?"

मला माझीच लाज वाटली. मालकांना फोन लावला, गाडी आज निघत नाही म्हणून सांगितलं आणि पुढचं खोकं उघडायला नानांशेजारी खाली बसलो.