पाटावर उभे परबकाका

परबकाका प्लगला हात लावायच्या आधी चपला काढतात, जेवायचा लाकडी पाट ओढून त्यावर उभे राहतात आणि डावा हात पाठीमागे घेतात. मिक्सर असो की मोबाइलचा चार्जर, तऱ्हा तीच. ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तिथल्या कुणा जुन्या वायरमनने सांगितलं म्हणे, दोन्ही हात लावले की करंट काळजातून जातो. झालं! चाळीस वर्षं डावा हात मागे तो मागेच.

"काका, यूएसबी आहे हो ही. पाच व्होल्ट!"

"पाच काय नि पाचशे काय. घाय करू नको गो वैशू. घायेत फ्यूज उडता."

नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या समोरची खोली त्यांची. मी ऑफिसात लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देते, तेवढ्यावर चाळीने मला इंजिनियर करून टाकलंय. म्हणून काका माझ्याच मानगुटीवर बसले. मुलाने त्यांना टीव्हीवर जुनी नाटकं बघायला पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कम्प्युटर दिला होता, लिनक्सवर चालणारा. त्याला माइक लावायची सोय नाही, म्हणून काका बाजारातून यूएसबी साउंड कार्ड घेऊन आले. पेनड्राइव्हएवढं, एक हिरवं भोक, एक गुलाबी.

आणि रेकॉर्ड काय करायचं? तर पहाटे साडेपाचला चाळीत पाणी येतं, तो आवाज!

"मोबाइलवर करू या ना, काका. दोन मिनिटांचं काम."

"मधेच कोणाचो फोन इलो तर? आणि ह्या रोज पहाटे आपोआप लागाक व्हया. ह्या डब्यातूनच."

कशाला, ते काही सांगेनात. शनिवारी दुपारी सगळ्यांनी चाव्या द्यायच्या होत्या, चाळ पडणार होती. त्यानंतर ना नळ, ना आवाज. काकू पडल्यापासून तीन महिने मुलाकडे ठाण्याला, एकविसाव्या मजल्यावर. काका इथे एकटेच सामान बांधत होते. मला वाटलं, म्हातारा चळला.

गुरुवारी संध्याकाळी मी बसले. माइक हिरव्या भोकात होता, तो गुलाबीत घातला. तरी आवाज नाही. मग दिसलं की कार्डाचा माइक सेटिंगमध्ये बंदच आहे. तो चालू केला. काका पाटावरून वाकले आणि माइकमध्ये म्हणाले, "नंबर प्लीज." टीव्हीतून तेच परत आलं, "नंबर प्लीज." काय खूश झाले! मला दोन खोबऱ्याच्या वड्या दिल्या.

शुक्रवारी पहाटे वीस मिनिटं रेकॉर्ड केलं आणि लावून बघितलं, तर चिडीचूप.

"काका, तुम्ही काही केलंत का?"

"नाय बा. फक्त राती सगळा काढून चकलीच्या डब्यात ठेवलंय. मेन स्विच बंद. सकाळी परत जोडलंय."

अरे देवा! टीव्हीला आवाज देणारं एक साउंड कार्ड डब्यात आधीपासून, आणि हे दुसरं. जे आधी जागं होईल त्याला कम्प्युटर आधीचा नंबर देतो. गुरुवारी कार्ड मागाहून लावलं होतं, शुक्रवारी आधी. नंबरांची अदलाबदल झाली आणि माझं सेटिंग भलत्याच दारात उभं राहिलं. मी काकांवर इतकी तडकले की आई धावत आली. काका पाटावरून उतरले आणि चकलीचा रिकामा डबा आत ठेवून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता एकच पहाट उरली होती. संध्याकाळी मी सेटिंगमधला नंबर काढून कार्डाचं नाव घातलं. म्हटलं, "आता आधी लावा, मागाहून लावा, नावाने हाक मारली की ओ देईल." काका हळूच म्हणाले, "तिचाही तसाच झाला हा गो."

मग सांगितलं. काकूंना आता फारसं आठवत नाही. ठाण्याला चोवीस तास पाणी. पण पहाटे उठून त्या बाथरूममध्ये कळशी घेऊन बसतात. नळ काही उघडत नाहीत. सून सांगून थकली. काकू म्हणतात, "हाक खंय इली अजून?"

शनिवारी पाच वाजताच मी त्यांच्या खोलीत. तीनदा तपासलं. साडेपाचला नळ सुसकारला, फटफटला, धार लागली. पॅसेजमध्ये पिंपं सरकली, कोणीतरी बादलीवरून भांडलं. पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी नाचत होती. येत होतं, सगळं येत होतं! पण काकांचा चेहरा उतरत चालला.

"काय झालं?"

"वयनीन हाक मारूक नाय."

माझी आई! तीस वर्षं रोज पहाटे तीच काकूंना हाक मारायची. काकू गेल्यापासून कोणाला मारणार? आणि हे काका माझ्याकडे तीन दिवस रडगाणं गातील, पण समोरच्या दारात जाऊन आईला विचारायला लाजतील. पाणी दहा मिनिटांत जाणार होतं. मी धावले, आईला दोन वाक्यांत सांगितलं. तिने हातातला तांब्या खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि काकांच्या दारात येऊन नेहमीसारखी खणखणीत ओरडली,

"अगो परबीण, पाणी इला गो!"

पट्टी टोकापर्यंत गेली. आई जरा थांबली, सवयीने, उत्तरासाठी. मग आवाज उतरवून म्हणाली, "भर गो बाय. सावकाश भर."

काका पाटावर होते. उजव्या हाताने माइक धरून ठेवला होता. डावा हात मात्र पाठीमागून पुढे आला आणि डोळ्यांवर गेला.